हमामात्सूत इंग्रजीचा क्लास काढताना

गेल्या वर्षभरात चार जणींनी मला फोन करून एकच विचारलं. "ताई, यांच्या नोकरीमुळे इकडे आले, इंग्रजी बरं आहे, दिवसभर घरी बसून जीव उबतो. तुमच्यासारखा क्लास काढू का?" प्रत्येकीशी तास-दीड तास बोलले, आणि प्रत्येक वेळी काहीतरी सांगायचं राहून गेलंच. म्हणून आता सगळं एकदाच लिहून ठेवते. मी जपानमध्ये हमामात्सूला राहते. इथले नियम इथलेच, ते दुसऱ्या देशात जसेच्या तसे लागू होणार नाहीत. पण कुठे कुठे ठेच लागते ते बहुतेक सगळीकडे सारखंच असावं.

सुरुवात व्हिसापासून करा. फळा, टेबलं, क्लासचं नाव हे सगळं नंतर.

मी 2008 च्या एप्रिलमध्ये आले ती नवऱ्याच्या कुटुंबातली व्यक्ती म्हणून, म्हणजे इथल्या भाषेत 'काझोकु ताइझाइ' व्हिसावर. या व्हिसावर मुळात कमावता येत नाही. इमिग्रेशनकडून वेगळी परवानगी काढली की आठवड्याला 28 तासांपर्यंत काम करता येतं, पण ती परवानगी दुसऱ्याकडे तास मोजून नोकरी करण्यासाठी असते. स्वतःचा क्लास काढायचा तर त्याचा वेगळा अर्ज करावा लागतो. 'घरात दोन-तीन मुलं येतात, कोणाला कळतंय' म्हणून सुरू करू नका, हे मी कळकळीने सांगते. व्हिसाच्या नूतनीकरणाला किंवा कायम वास्तव्याच्या अर्जाला करभरणा, उत्पन्न, सगळं तपासलं जातं, आणि अडचण आली तर ती एकट्या तुमची नसते, नवऱ्याचं आणि मुलांचंही इथलं बस्तान त्यात असतं.

धंदा चालवणाऱ्यांसाठीचा 'केइएइ कानरी' व्हिसा आहे, पण छोट्या क्लाससाठी त्याचा विचारच सोडा. पूर्वी त्याला 50 लाख येन भांडवल लागायचं. 2025 च्या ऑक्टोबरपासून ते 3 कोटी येन झालं आहे आणि शिवाय पूर्ण वेळ माणूस नेमावा लागतो. कायम वास्तव्याचा परवाना असेल तर कामावर बंधन नाही. तो मिळायला साधारणपणे सलग दहा वर्षं राहावं लागतं. आम्हाला 2018 मध्ये मिळाला आणि 2019 च्या एप्रिलमध्ये मी क्लास काढला.

ती दहा वर्षं मी वाट पाहण्यात घालवली नाहीत. 28 तासांच्या परवानगीवर एका इंग्रजी क्लासमध्ये आधी मदतनीस आणि मग शिक्षिका म्हणून काम केलं. पालकांशी कसं बोलायचं, आजारी मुलाचा तास कधी भरून द्यायचा, पैसे हातात कसे घ्यायचे, हे सगळं मी तिथे शिकले. तुम्हाला वाट पाहायची असेल तर अशीच पाहा. एक हिशेब मात्र आधी घाला. नवऱ्याच्या आरोग्य विम्यात आश्रित म्हणून राहायचं असेल तर तुमचं उत्पन्न वर्षाला 13 लाख येनच्या आत हवं. त्यापुढे थोडंसंच गेलात तर विमा आणि पेन्शनचे हप्ते स्वतः भरून हातात आधीपेक्षा कमी उरतं. जायचं तर बरंच पुढे जायचं, नाहीतर अलीकडे थांबायचं.

आता जे चौघींनीही आवाज खाली करून विचारलं त्याबद्दल. "आपण काही गोरे नाही, इंग्रजी आपली मातृभाषा नाही. लोक मुलं पाठवतील?"

माझं शिक्षण विट्याला मराठी शाळेत झालं. इंग्रजी पाचवीपासून. ए-बी-सी-डी काढायला शिकले तेव्हा मी दहा वर्षांची होते. पहिल्या महिन्यात एक आई मुलीला घेऊन आली आणि दारातच अगदी नम्रपणे विचारलं, "सेन्सेइ (म्हणजे बाई), आपण नेटिव्ह आहात का?" मी म्हटलं, "नाही. मी तुमच्या मुलीइतकी असताना इंग्रजी शिकायला लागले, आणि माझ्या घरी कोणालाच ते येत नव्हतं. म्हणून तिला कुठे अडेल ते मला ठाऊक आहे." ती मुलगी आज नववीत आहे आणि अजून येते.

हे उत्तर खोटं असतं तर टिकलं नसतं. पण ते अक्षरशः खरं आहे, आणि मराठी माणसाच्या बाबतीत तर जास्तच. हे वाक्य पाहा: 'वाताशी वा किनो गाक्को नि इकिमाशिता.' शब्दाला शब्द ठेवा: मी, काल, शाळेत, गेले. क्रम तोच. 'गाक्को'मागे 'नि' लागतो तसा आपल्या 'शाळे'ला मागून 'त' लागतो. क्रियापद दोन्हीकडे शेवटी. इंग्रजीत मात्र 'वेंट' उडी मारून दुसऱ्या जागी येतं, 'टू' शाळेच्या पुढे जाऊन बसतो आणि 'यस्टरडे' मागे ढकलला जातो. ही उडी मी स्वतः विट्याच्या वर्गात मारायला शिकले. जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्याने ती कधी मारलेलीच नसते, म्हणून मूल नेमकं कुठे अडखळलं ते त्याला शोधावं लागतं.

वर्गात मी हे तोंडाने समजावत नाही. मोठ्या कार्डांवर शब्द लिहिलेले असतात, एकेका मुलाच्या हातात एकेक कार्ड. आधी ती जपानी क्रमाने ओळीत उभी राहतात. मग मी टाळी वाजवली की इंग्रजी क्रमाने जागा बदलायच्या. क्रियापदाचं कार्ड ज्याच्याकडे असेल त्याला शेवटून पळत यावं लागतं. तिसरीच्या मुलांना ते पळणं इतकं आवडतं की 'वेंट'चं कार्ड कोणाला मिळणार यावरून रुसवेफुगवे होतात.

कर्ता गाळण्याचंही तसंच. आपण 'जेवलास?' म्हणतो, 'तू' लागत नाही. जपानीतही लागत नाही. म्हणून ही मुलं इंग्रजीत 'आय' आणि 'यू' विसरतात, आणि ते का विसरतात हे आपल्याला सांगावं लागत नाही. 'अ', 'अॅन', 'द' ही भानगड आपल्याकडे नाही आणि त्यांच्याकडेही नाही. मीसुद्धा अजून 'द'साठी क्षणभर थांबते, आणि मुलांना सांगते की थांबायला हरकत नाही.

उच्चारांवर मात्र आधी स्वतः मेहनत घ्या. यात सूट नाही. आपल्याकडे एकच 'व'. अंगात घालायचं जाकीट आणि पश्चिम दिशा, हे दोन्ही इंग्रजी शब्द देवनागरीत 'वेस्ट' असेच लिहावे लागतात आणि बहुतेक मराठी माणसं ते तसेच सारखे बोलतात. जाकिटाला वरचे दात खालच्या ओठावर टेकतात, पश्चिमेला ओठांचा चंबू होतो. हे मी तीन महिने आरशापुढे उभं राहून घोटलं. दुसरं, 'पेन'मधला 'प' इंग्रजीत हवेच्या झोताने येतो, आपला येत नाही. ओठांपुढे पातळ कागदाची पट्टी धरा. 'पेन' म्हटल्यावर ती हलली पाहिजे.

मुलांच्या अडचणी वेगळ्या असतात. जपानीत बहुतेक प्रत्येक व्यंजनाला स्वर लागतो, म्हणून 'स्ट्रीट'चा 'सुतोरीतो' होतो, एका झटक्याच्या पाच मात्रा. आपल्याला जोडाक्षरांची सवय आहे. 'स्त्री' म्हणणाऱ्याला 'स्ट्रीट' जड जात नाही. मी एक टाळी आणि एक शब्द असा नियम ठेवला आहे, टाळी दोनदा वाजली की शब्द पुन्हा. 'र' आणि 'ल' तर सगळ्यांना माहीतच आहे. जपानी जीभ दोन्हींच्या मधला एकच आवाज काढते. 'ल'ला जिभेचं टोक दातांमागे टेकवून धरून ठेवा, इंग्रजी 'र'ला जीभ कुठेच टेकू देऊ नका, एवढंच मी सांगते आणि पुढची दोन वर्षं धीर धरते.

पालकांना समजेल असा पुरावा हवा असेल तर एइकेन द्या. 1963 पासून चालू असलेली ही इंग्रजीची परीक्षा इथल्या प्रत्येक घरात माहीत असते. श्रेणीचा आकडा जितका मोठा तितकी ती सोपी, पहिली सर्वांत वरची, आणि तिसरीपासून वर तोंडी परीक्षाही असते. परदेशी प्रमाणपत्रांची नावं इथल्या आईला सांगून उपयोग नाही. 'मी एइकेनची पहिली श्रेणी पास आहे' म्हटलं की ती मान डोलावते. मी दुसऱ्या प्रयत्नात पास झाले आणि मुलांना दोन्ही निकाल दाखवते. मोठ्या मुलांपैकी निम्मी या परीक्षेसाठीच येतात. लहानांची गर्दी वाढली ती 2020 मुळे. त्या वर्षापासून प्राथमिक शाळेत पाचवी-सहावीला इंग्रजी हा गुण देण्याचा विषय झाला आणि तिसरी-चौथीला तोंडओळख सुरू झाली.

जागेबद्दल. तुम्ही राहता त्या भाड्याच्या घरात क्लास घ्यायचा तर घरमालकाची लेखी संमती हवी. बहुतेक करारांत 'फक्त राहण्यासाठी' असं लिहिलेलं असतं. आमच्या पहिल्या घरमालकांनी नाही म्हटलं आणि मी वाद घातला नाही. शेवटी आकादेनच्या एका स्टेशनापासून सहा मिनिटांवर, पूर्वी शिंप्याचं दुकान असलेली एक खोली महिना 52 हजार येनला मिळाली. आकादेन म्हणजे शिन-हमामात्सूहून उत्तरेला जाणारी लाल गाडी, दर 12 मिनिटांनी असते. पण मुलं गाडीने येत नाहीत. या शहरात सगळे मोटारीने फिरतात, तेव्हा खोली बघायच्या आधी गाड्या उभ्या करायची जागा बघा. माझ्याकडे दोन गाड्यांची जागा आहे आणि दोन वर्गांच्या मध्ये मी 15 मिनिटं मोकळी ठेवते, म्हणजे सोडायला आणि न्यायला आलेल्या गाड्या गल्लीत एकमेकींसमोर अडकत नाहीत. शेजाऱ्यांची तक्रार आली तर ती बहुतेक याच कारणाने येते, मुलांच्या आवाजाने नाही.

क्लास उघडायच्या आधी शेजाऱ्यांना भेटायला जा. समोरची तीन घरं आणि दोन्ही बाजूंची दोन, ही इथली जुनी रीत आहे. छोटा टॉवेल किंवा बिस्किटांचा डबा, नाव सांगायचं, वेळा सांगायच्या, त्रास झाला तर जरूर सांगा म्हणायचं. बाजूच्या आजी त्या दिवशी फार बोलल्या नाहीत. आता पाऊस आला की माझ्या दाराबाहेरच्या छत्र्या त्याच आत घेतात.

सुरुवातीचा खर्च साधारण साडेतीन लाख येन झाला. त्यातले 2 लाख 8 हजार जागेतच गेले: पहिलं भाडं, अनामत, दलाली आणि 'रेइकिन', म्हणजे मालकाला आभार म्हणून द्यायचं एक महिन्याचं भाडं. ते परत मिळत नाही. उरलेल्यात घडीची टेबलं, फळा, पुस्तकं, दारावरची पाटी. पुस्तकांत काटकसर करू नका. एक प्रत घेऊन झेरॉक्स वाटणं बेकायदा आहे. कॉपीराइट कायद्यातली सवलत शाळांना आहे, आपल्यासारख्या खासगी क्लासला नाही. प्रत्येक मुलाने स्वतःचं पुस्तक घ्यायचं, हे पहिल्याच भेटीत सांगा.

पैशांच्या बाबतीत माझा एकच आग्रह आहे: महिन्याचे पैसे महिन्याला घ्या. 2007 च्या ऑक्टोबरमध्ये नोव्हा ही तेव्हाची इंग्रजी संभाषणवर्गांची सर्वांत मोठी साखळी कोसळली. लोकांनी शेकडो तासांचे पैसे आगाऊ भरलेले, ते अडकले. शिक्षकांचे पगार थकले. मी सहा महिन्यांनी आले तेव्हाही ओळख झाली आणि मी शिकवते म्हटलं की बायका आधी तेच काढायच्या. आगाऊ पैसे मागणाऱ्या क्लासकडे लोक अजून जपून बघतात, आणि बरोबर करतात.

कायदाही तुम्हाला तिकडेच नेतो. भाषावर्गाचा करार दोन महिन्यांहून मोठा आणि 50 हजार येनहून महाग असेल तर त्याला ग्राहक संरक्षणाचे खास नियम लागतात. ठरलेल्या नमुन्यात कागद द्यावे लागतात, ते मिळाल्यापासून आठ दिवसांत विद्यार्थी विनाकारण करार मोडू शकतो, आणि नंतरही मध्येच सोडलं तर तुम्ही कापून घ्यायच्या रकमेला मर्यादा आहे: 50 हजार येन किंवा उरलेल्या रकमेच्या 20 टक्के, यातलं जे कमी असेल ते. माझ्याकडे आठवड्याला एक तास, महिन्याला 7 हजार येन, सोडायचं असेल तर आदल्या महिन्यात सांगायचं. एका पानाची नियमावली, खाली सही. बस.

पैसे 'गेश्शा-बुकुरो'त येतात. बारा महिन्यांचे चौकोन छापलेलं हे पाकीट दर महिन्याला मूल दोन्ही हातांनी देतं, आपण शिक्का मारून रिकामं परत करायचं. बँकेतून परस्पर जमा करायची सोय मी मुद्दाम ठेवलेली नाही. महिन्यातून एकदा ते पाकीट घेताना मुलाशी आणि दारातल्या आईशी दोन शब्द होतात, आणि 'हल्ली घरी इंग्रजीचं नाव काढत नाही' हे मला तेव्हाच कळतं.

कराचं थोडक्यात. क्लास सुरू केला की कर कार्यालयात 'काइग्यो तोदोके' म्हणजे धंदा सुरू केल्याचा कागद द्यायचा. एकच पान आहे आणि फी नाही. मी पहिल्या महिन्यातच दिला. त्याच दिवशी 'आओइरो शिनकोकु' म्हणजे निळ्या विवरणपत्राचाही अर्ज द्या. दुहेरी नोंदीचे हिशेब ठेवून ऑनलाइन विवरणपत्र भरलं तर 6 लाख 50 हजार येनपर्यंत वजावट मिळते. या अर्जाची मुदत क्लास सुरू केल्यापासून दोन महिन्यांची असते, आणि ती चुकली की ते वर्ष हातचं जातं. विवरणपत्र 16 फेब्रुवारी ते 15 मार्च. उपभोग कराची, म्हणजे आपल्या जीएसटीसारख्या कराची, चिंता वर्षाला 1 कोटी येनच्या विक्रीपर्यंत नको.

मुलं कशी मिळवायची? मी हजार पत्रकं स्वतः घरोघरच्या टपालपेट्यांत टाकली आणि त्यातून दोन फोन आले. नवं शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, म्हणून पालक फेब्रुवारी-मार्चमध्ये क्लास शोधतात. मी एप्रिलच्या मध्यावर पत्रकं वाटली, तोवर सगळ्यांचे वार ठरून गेलेले. पहिल्या महिन्यात तीन मुलं होती. आज 34 आहेत, आणि त्यांतली बहुतेक आधीच्या मुलांच्या आयांनी पाठवलेली. एका वर्गात सहाच घेते. 'ताइकेन' म्हणजे आधी एक तास बसून बघायची इथे पद्धत आहे. त्या तासाला मूल गप्प राहिलं तर घाबरून तुम्हीच बोलत सुटू नका. माझ्या अनुभवात मूल उत्तर जुळवत असतं, चुकायचं नसतं म्हणून थांबलेलं असतं. मनात दहा आकडे मोजा. बऱ्याचदा सातव्या-आठव्याला तोंड उघडतं, आणि मागे बसलेल्या आईला तेवढं पुरतं.

एक वर्ग मी ठरवून काढला नव्हता. हमामात्सू हे सुझुकीचं गाव. मुख्य कार्यालय इथेच, आणि कंपनीचे कारखाने हरियाणात आणि गुजरातेत. भारतात बदली झालेल्या एका गृहस्थांच्या पत्नीने विचारलं, "गुरुग्रामला भाजी कशी घेऊ, शाळेत फोनवर काय बोलू, ते शिकवाल का?" दुसऱ्या कुठल्या क्लासला हे शिकवता आलं नसतं. आम्ही पुस्तक बाजूला ठेवलं. 'टेन मिनिट्स' म्हणजे दहाच मिनिटं असतील असं नाही, मान आडवी हलली म्हणजे नकार असेलच असं नाही, नळ दुरुस्त करणाऱ्याला पुन्हा फोन करण्यात उद्धटपणा नाही, हे सगळं इंग्रजी संवादांतून. आता गुरुवारी सकाळी चार जणींचा असा वर्ग असतो. एकीने तिकडून पाठवलेला बोलका निरोप मी वर्गात ऐकवला, तिच्या मागे प्रेशर कुकरची शिट्टी वाजत होती. आपण जिथून आलो ते झाकून कोरं इंग्रजी विकायला गेले असते तर या चौघी आल्या नसत्या.

भूकंपाची तयारी पहिल्या दिवसापासून हवी. हा किनारा नानकाई खंदकाच्या, म्हणजे जपानच्या दक्षिणेला समुद्रतळाशी असलेल्या खोल चरीच्या, मोठ्या भूकंपाच्या टापूत येतो. पुस्तकांची कपाटं भिंतीला आवळून घ्या, टेबलं सहा मुलं खाली मावतील अशीच घ्या, आणि पालक स्वतः येईपर्यंत मूल कोणाच्याही स्वाधीन करायचं नाही, हे नियमावलीत लिहा. आपत्तीत फोन लागत नाहीत, तेव्हा 171 या क्रमांकावर निरोप ठेवता येतो. तो कसा ठेवायचा हे मी दर एप्रिलला पालकांना करून दाखवते.

आणि वर्षाचं वेळापत्रक एकदम छापून द्या. मी वर्षाला 42 तास देते. मे महिन्याच्या सुरुवातीचे सुट्टीचे दिवस, ऑगस्टमधला ओबोन हा पितरांचा सण आणि नवं वर्ष एवढे आठवडे सगळेच बंद ठेवतात, त्यात कोणाला काही वाटत नाही. गणपती मात्र शाळा ऐन भरात असताना येतात. पहिल्या वर्षी मी गेले नाही, मग कोरोनाच्या साथीमुळे जाता आलं नाही. आता डिसेंबरात कालनिर्णय हातात आलं की आधी चतुर्थी बघते, तो आठवडा वेळापत्रकात लाल करते, आणि खाली जपानीत लिहिते की सेन्सेइ घरच्या सणाला जाणार आहेत, ही सुट्टी 42 तासांत धरलेली नाही.